मुळाकडची बाजू

अझीमचाचांनी डब्यातल्या गुंतवळातून एक लांब केस सोडवला, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उभा धरला आणि दोन्ही बोटं एकमेकांवर हलकेच घासायला सुरुवात केली. केस मुंगीच्या चालीनं वर सरकू लागला.

"देखिए बहनजी, चढ़ रहा है," ते म्हणाले. "जिधर को चढ़े, उधर जड़. आँख की ज़रूरत ही नहीं."

शैलजा स्टुलावर पुढे सरकून बघत होती. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची मोकळी कड टोकाकडे असते, म्हणून घासलेला केस नेहमी मुळाच्या दिशेनं जातो. नागपूरला बी.एस्सी.ला असताना तिनं हे वाचलं होतं, आकृतीही काढली होती. नुसत्या बोटांनाही ते ठाऊक असू शकतं, हे आज पहिल्यांदा दिसलं.

"और उल्टे-सीधे लग गए तो?" तिनं विचारलं.

"तो हफ़्ते भर में नमदा. कंघी घुसेगी नहीं. इसलिए एक-एक बाल देखना पड़ता है." त्यांनी डबा हातावर तोलला. "हओ, सवा महीना तो छाँटने में ही जाएगा. बिटिया का कॉलेज कब से है?"

"जुलाई से."

"हो जाएगा."

गोहलपुरातल्या त्या खोलीत भिंतीवर ओळीनं लाकडी डोकी होती. रामलीलेतल्या दोन ऋषींच्या जटा, एका राणीची वेणी, आणि कोपऱ्यात एकट्यानंच दोघांची जागा व्यापलेला काळा कुरळा टोप. शैलजाची नजर तिथं गेलेली पाहून चाचा हसले.

"रावण है. असली बाल एक ही सिर पे. बाकी नौ सिर गत्ते के, उन पे पेंट. पीछे बैठने वालों को दसों सच्चे लगते हैं."

शैलजाही थोडी हसली. गेल्या कित्येक दिवसांत तिला कोणी हसवलं नव्हतं.

टोप लतिकासाठी होता. सतरा वर्षांची तिची मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या कानाच्या वर आठ आण्याएवढी चाई पडली, तिथले केसच गेले. मग माथ्यावर, मग मागे. मलमं झाली, डोक्यात इंजेक्शनं झाली, कांद्याचा रस झाला, वर्ध्याहून आलेला गुंजेचा लेप झाला. पोरीनं शाळा सोडली आणि घरी बसून परीक्षा दिली. आता कॉलेजात नाव घातलं होतं, पण डोक्याला ओढणी बांधून मी जाणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. टोपाचं कसंबसं कबूल केलं, तेही एका अटीवर: दुसऱ्या कोणाचे केस नकोत.

म्हणून हा डबा. लतिका लहान असताना रोज सकाळी वेणी घालून झाली की शैलजा कंगव्यातलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून डब्यात टाकायची. बाहेर टाकलेल्या केसांचं चिमणीनं घरटं केलं तर पोरीचं डोकं दुखतं, असं सासूबाई म्हणत. शैलजाचा त्यावर विश्वास नव्हता. डबा मात्र भरत गेला होता.

"भौंरी एक है या दो?" चाचांनी विचारलं.

"जी?"

"सिर की भौंरी. जहाँ से बाल घूमते हैं. मैं टोपी में भौंरी डालता हूँ, नहीं तो नकली दिखता है. बिटिया की कितनी हैं?"

"एक. दाएँ को घूमती है." पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, दोन माझ्या मुलाला होत्या. ते तिनं तोंडातच ठेवलं.

"और ये पुड़ियाँ अलग क्यों?"

डब्याच्या तळाशी कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर शैलजाच्या बारीक सरळ अक्षरात तारीख. केस जायला लागले तेव्हापासून उशीवरून, अंथरुणातून, लतिकाच्या अभ्यासाच्या टेबलाखालून जे केस मिळत, ते तिनं असे जपून ठेवले होते. डॉक्टरांनी मागितले तर असावेत म्हणून. डॉक्टरांनी कधी मागितले नाहीत. ते शैलजा काम करायची त्याच लॅबकडे नमुने पाठवणारे ओळखीचे डॉक्टर. मुलीला चाई पडली आहे, असं शैलजानंच सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावून तेच लिहिलं. इतकी वर्षं लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला काय विचारायचं?

"ये झड़ने के बाद के हैं," ती म्हणाली. "थोड़े ही हैं. काम आएँ तो लीजिए."

चाचांनी पहिली पुडी उघडली, एक केस घेतला, घासला. मग बोटं थांबली. चष्मा लावून ते खिडकीशी गेले. परत येऊन त्यांनी पाटावर पांढरा कागद पसरला, डब्यातला एक केस ठेवला आणि त्याच्याशेजारी पुडीतला.

"ये डब्बे वाला. जड़ पे सफ़ेद दाना है, सूखा. इसका वक़्त पूरा हुआ, गिर गया. और ये..." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "जड़ काली. मुड़ी हुई. ऊपर खोल चढ़ा हुआ है. चालीस साल से बाल छाँट रहा हूँ बहनजी. ये झड़ा नहीं है."

शैलजा कागदावर वाकली.

"मतलब," चाचा शब्द शोधत राहिले, "ये अपनी मर्ज़ी से नहीं आया."

तिनं पुड्या एकावर एक रचल्या, तारखा जुळवल्या आणि पिशवीत टाकल्या. डब्यातल्या गुंतवळाची एक गुंडाळीही सोबत घेतली. बाकीचा डबा तिथंच राहू दिला.

*

सिविल लाइन्समधल्या लॅबमध्ये जेवणाची सुट्टी होती. शालिग्राम, तिचा मदतनीस, डबा उघडून बसला होता.

"मॅडम? आज तर तुमची छुट्टी होती ना?"

"एक काम आहे."

"काय आहे? मी लावतो. कोणाचं?"

"घरचं."

शालिग्रामचा घास हातातच राहिला. मॅडम घरच्यांचं काही मायक्रोस्कोपखाली ठेवत नाहीत, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. का, तेही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मॅडमच्या नऊ वर्षांच्या मुलाला, नीलकंठला, ताप आला. दुसऱ्या दिवशी मान ताठली. पाठीतून काढलेलं पाणी याच टेबलावर आलं, आणि दुसरं कोणी हजर नव्हतं म्हणून मॅडमनीच पाहिलं. पेशी मोजल्या, आकडा लिहिला, सही केली. चौथ्या दिवशी निलू गेला. त्यानंतर घरातल्या कोणाचंही रक्त तपासायचं झालं तरी त्या शालिग्रामकडे देऊन बाहेर जाऊन उभ्या राहत.

आज मात्र त्यांनी स्वतः खुर्ची ओढली.

काचेवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात केसांची मुळं. आधी डब्यातले, शंभर. शंभरच्या शंभर पांढरी, गदेसारखी, स्वच्छ मुळं. रोज विंचरताना कुणाचेही गळतात तसे. मग पहिल्या पुडीतले, चौदा नोव्हेंबरचे. काळं, वाकडं मूळ, त्याला चिकटून आलेलं पातळ आवरण. दुसरा तसाच. तिसराही. वाढत्या वयातले, त्वचेत घट्ट रुजलेले, अजून तीन-चार वर्षं सहज टिकले असते असे केस.

शंभरात एक्क्याण्णव उपटलेले.

तिनं भिंगावरून डोळा काढला नाही. पुढच्या पुडीची काच लावली, मग त्यापुढची. शालिग्रामनं डबा तसाच बंद केला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

*

दीक्षितपुऱ्यातल्या घरी ती पोचली तेव्हा चार वाजले होते. खिडकीत वाळ्याचा पडदा अर्धा सुकला होता. आतल्या खोलीत लतिका टेबलाशी वाचत बसली होती. डोक्याला फिकी निळी ओढणी, डावा हात पुस्तकावर. उजवा हात ओढणीखाली होता.

तीन वर्षं शैलजानं हे दृश्य रोज पाहिलं होतं. डोकं खाजत असेल, असं तिला वाटे.

आवाज न करता ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरची वही काढली. दर रविवारी ती फूटपट्टी घेऊन लतिकाच्या मागे बसायची आणि मोजायची. निरोगी केस आठवड्याला अडीच मिलिमीटर वाढतो. वहीत रकाने होते: अडीच. पाच. सात. दोन. पुन्हा अडीच, पाच, साडेसात, एक. प्रत्येक घसरणीपुढे तिनं लिहिलं होतं, 'पुन्हा गळती.' एका ठिकाणी, 'लांबी सारखी नाही, बहुधा नवी वाढ,' आणि त्याखाली आनंदानं ओढलेली एक रेघ. जरा वाढले की जायचे. कधीही आठ मिलिमीटरच्या पुढे गेले नव्हते.

पहिली नोंद चौदा नोव्हेंबर. त्या आठवड्यात काय झालं होतं? निलूला जाऊन तीन महिने. दिवाळी केली नव्हती. लतिकाला ताप नव्हता, परीक्षा नव्हती. तिला एवढंच आठवलं की रत्नाकर, तिचा नवरा, त्या दिवसांत पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिला होता, डोक्यावरून हात फिरवत म्हणाला होता, "माझा कंगवा कुठं गेला गं?" आणि तिला बरं वाटलं होतं. घरात पुन्हा काहीतरी सुरू झालं, असं.

तिनं वही मिटली.

"आई, तू आली? आवाज पण नाही केला." लतिका दारात उभी होती. "काय म्हणाले चाचा? बनेल ना?"

"बनेल."

"पुरतील केस?"

"पुरतील. सगळे आधी एका बाजूला लावावे लागतात. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे." शैलजानं पिशवीतून गुंडाळी काढली, एक केस सोडवून तिच्या हातात दिला. "उभा धर. बोटं घास."

लतिका समोर बसली. केस थरथरत वर निघाला. "अरे! हा तर चढून राहिला!" ती हसली. "सच में, जिंदा असल्यावानी. काहून होते असं?"

शैलजानं कौलांचं सांगितलं. लतिकानं दुसरा केस घेतला, तिसरा घेतला, प्रत्येकाचं मूळ उजवीकडे करून ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. तिची बोटं चपळ होती, नेमकी. शैलजा त्या बोटांकडे पाहत होती.

मग तिनं तारखेची पुडी उघडून त्यांच्याशेजारी ठेवली.

लतिकाचा हात तिथंच थांबला. रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटी गेली.

"तू पाहिले," लतिका म्हणाली. "मायक्रोस्कोपखाली."

"हो."

"तू तर घरचं पाहत नाहीस."

"आज पाहिलं."

लतिकानं मांडलेले केस एका बोटानं विस्कटले, पुन्हा सरळ केले. "बाबांना सांगशील?"

"काय सांगू, तेच मला माहीत नाही." शैलजाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "दुखत नाही का गं?"

"दुखते. पहले-पहले जास्त दुखायचं." लतिका वर बघत नव्हती. "तेराव्यापर्यंत सगळे रडून राहिले होते. मग हळूहळू सगळे ठीक झाले. बाबांचं मुंडलेलं डोकं दिसे तोवर वाटे, अभी चालू आहे. लोकं रस्त्यात बघत त्यांच्याकडे, थांबत, विचारत. मग त्यांचे केस आले. त्यांनी भांग पाडला." ती थांबली. "मंग कोणी विचारलंच नाही."

शैलजानं पुडीवरची तारीख बोटानं झाकली.

"ग्वारीघाटावर बाबांचे केस काढले तेव्हा मी म्हटलं होतं, माझे पण काढा. कुंदाआत्या म्हणाली, पोरींचे नाही काढत. तू तिथंच होती, आई."

"मला ऐकू नाही आलं, लतू."

"मालूम आहे."

घाटावर आपण कुठे उभ्या होतो, ते शैलजाला आठवून बघायचं होतं. तिला फक्त पाणी आठवलं, आणि वस्तऱ्याखाली वाकलेलं रत्नाकरचं डोकं. त्याच्या मागे चौदा वर्षांची, गुडघ्यापर्यंत वेण्या असलेली मुलगी उभी असणार. तिच्याकडे बघितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी मुद्दाम नाही करत आता," लतिका खालच्या आवाजात म्हणाली. "वाचत बसली की हाताला लागते, वाढून राहिले म्हणून. मग हात थांबतच नाही. तू इतवारी मोजायची ना, खूश व्हायची. मला फार वाईट वाटे."

शैलजानं हात पुढे केला. तिला मुलीचा हात धरायचा होता. तो तिनं ओट्यावर, मांडलेल्या केसांच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं लतिकानं आपली करंगळी त्या हाताला टेकवली. दोघी तशाच बसून राहिल्या. रत्नाकरच्या फॅक्टरीचा सुट्टीचा भोंगा झाला तरी कोणी उठलं नाही.

*

रत्नाकर आला तो घामानं भिजून. सायकल जिन्याखाली लावली, वर येऊन सदरा काढला आणि रोजच्यासारखं डोकं मोरीतल्या नळाखाली धरलं.

"आज तर हद्द झाली बाप्पा," तो पाण्यातूनच बोलला. "शॉपमध्ये पंखे पण गरम हवा फेकून राहिले होते. बाबाराव म्हणे, रत्नाकर, आपल्याला भट्टीत टाकलं तर ठंडक वाटंल." तो स्वतःच हसला. घरातून हसू आलं नाही. टॉवेलनं डोकं पुसत तो आत आला, दोघींकडे पाहिलं, ओट्यावर मांडलेल्या केसांकडे पाहिलं. "काय करून राहिल्या मायलेकी?"

"छाँटून राहिलो, मुळं एकीकडे, टोकं एकीकडे," लतिका म्हणाली.

"अच्छा." त्यानं जास्त विचारलं नाही. या घरात जास्त विचारायची सवय मोडली होती. खुंटीवरच्या आरशासमोर उभा राहून तो म्हणाला, "कंगवा कुठं आहे माझा?"

शैलजानं मान वर केली. कंगवा फळीवर, तिच्या हाताशीच होता. ती हलली नाही.

लतिका उठली. तिनं कंगवा घेतला, पण बापाच्या हातात दिला नाही. "बसा," ती म्हणाली.

"ऑं?"

"बसा ना बाबा. मी करून देते."

रत्नाकर गोंधळून पाटावर बसला. मागे उभं राहून लतिकानं ओले केस कपाळाकडून मागे नेले. समोरचे, बाजूचे गुमान बसले. माथ्याच्या मागच्या बाजूला मात्र दोन भोवरे होते, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे, आणि दोघांच्या मधला झुपका कंगवा पुढे गेला की परत उभा राहत होता. तिनं पाणी लावलं. झुपका पुन्हा उभा राहिला.

"जाऊ दे," रत्नाकर म्हणाला. "तिथले नाही बसत."

लतिकाचा कंगवा हवेतच राहिला. शैलजाला तिचा श्वास ऐकू आला.

"बाबा," ती म्हणाली, "निलूचे पण असेच उभे राहायचे."

तीन वर्षांत या खोलीत ते नाव कोणी घेतलं नव्हतं. रत्नाकरचे हात गुडघ्यांवर होते. बोटांमध्ये फॅक्टरीचं काळं तेल तसंच होतं.

"तसेच," तो म्हणाला. "अगदी हेच. शाळेत जाताना पाणी लावून लावून तुझी आई थकायची." तो थांबला. "घाटावर डोकं काढलं ना, तेव्हा मी मागे हात लावून पाहिला होता. गुळगुळीत होतं सगळं. काहीच नव्हतं तिथं. मग नोव्हेंबरात कवातरी एक दिवस हाताला लागले. दोन्ही भोवरे. जिथल्या तिथं."

तो आरशाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"म्हणून रोज कंगवा मागतो मी," तो म्हणाला. "बसवायला नाही मागत."

लतिकानं डावा हात हळूच त्याच्या माथ्यामागे ठेवला, दोन भोवऱ्यांच्या मधोमध. उजव्या हातानं कंगवा पाण्यात बुडवून ती पुन्हा विंचरू लागली, एक-एक बट, सावकाश, मुळापासून टोकाकडे. झुपका तळव्याखाली दबत होता आणि उठत होता.

तिची ओढणी मागे घसरली, मानेवर आली, मग खाली पडली. मागच्या खिडकीतून आलेल्या उन्हात तिचे लहानमोठे केस लख्ख दिसत होते.

ओढणी उचलायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.